औषधापुरता मध

स्लोव्हेनियातील लोंचे या गावाजवळच्या गुहेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका माणसाचा खालचा जबडा सापडला. तो सुमारे ६,५०० वर्षांपूर्वीचा आहे. त्यातल्या सुळ्याला उभी भेग गेली होती आणि त्या भेगेवर मधमाशीचे मेण भरलेले होते, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. मेण त्या माणसाच्या हयातीत भरले की मृत्यूनंतर, याचा निर्वाळा संशोधकांनी दिलेला नाही. हयातीत भरले असेल, तर दाताच्या वेदनेवर मोहोळातून काही आणून लावल्याचा हा अतिशय जुना पुरावा ठरतो. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत रोजच्या दंतधावनासाठी सुंठ, मिरी, पिंपळी अशा चूर्णांबरोबर मध सांगितला आहे. मुखरोगांत मधाची गुळणी धरायला, हिरड्यांवर मध चोळायलाही आयुर्वेद सांगतो. आज हेच सारे नव्या वेष्टनांतून परत आले आहे. प्रोपोलिस या मधमाश्यांच्या डिंकाची टूथपेस्ट, मधाचे जेल, सांधेदुखीवर मधमाशीच्या विषाचा उपचार, आणि प्रत्येकावर ‘नैसर्गिक’ हा शब्द मोठ्या अक्षरांत. त्या शब्दामुळे एक प्रश्न मागे पडतो. आपल्या दाताची कळ शमवण्यासाठी दुसऱ्या जीवाने स्वतःच्या जगण्यासाठी साठवलेले काढून घ्यायचा अधिकार माणसाला आहे का, आणि असला तर कुठपर्यंत? हा प्रश्न धर्माचा आहे. त्याचे उत्तर मात्र वैद्यकीय पुराव्याशिवाय देता येणार नाही, असे माझे म्हणणे आहे.

भारतीय धर्मपरंपरांनी मधमाशीकडे फार आदराने पाहिले आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांत मधमाशी आहे. एकनाथांनी याच स्कंधावर मराठीत टीका लिहिली, त्यामुळे हा गुरू मराठी वाचकाला परका नाही. फुलाफुलातून थोडे थोडे घ्यावे, कुणाला ओझे होऊ नये, हा तिचा पहिला धडा. मधुकरी मागण्याची रीत त्याच विचारातली. धम्मपदात बुद्ध भिक्षूला हाच दाखला देतात, आणि जैनांच्या दशवैकालिक सूत्राचे पहिले अध्ययन याच दृष्टांतावर उभे आहे. घ्यायचे, पण ज्याच्याकडून घेतो त्याची हानी होऊ द्यायची नाही. तीन परंपरा इतर बाबतींत एकमेकींशी वाद घालत असताना या एका कीटकाच्या वागण्याला त्यांनी साधूच्या वागण्याचा आदर्श मानले, याचे मला मोठे मोल वाटते. भागवतात पुढचा दाखलाही आहे. मध काढून नेणारा माणूसही अवधूताच्या गुरूंमध्ये आहे, आणि माशीने जे कष्टाने साठवले ते दुसराच भोगतो हे तो त्याच्याकडून शिकतो. तिथे रोख साठवणाऱ्याच्या लोभावर आहे. तरी मध काढणाऱ्या हातालाही त्याच कसोटीला लावले पाहिजे. माशी फुलाकडून जशी घेते, तसे आपण माशीकडून घेतो का?

मधाच्या बाबतीत धर्मांनी जी रेघ ओढली ती बहुतेक ठिकाणी औषध आणि भोग यांच्यामध्ये आहे. बौद्ध विनयात ती सर्वांत स्वच्छ दिसते. आजारी भिक्षूंसाठी तूप, लोणी, तेल, मध आणि गुळासारखा पदार्थ ही पाच औषधे बुद्धांनी मोकळी केली, पण ती सात दिवसांपलीकडे जवळ ठेवायला मनाई केली. आजारी नसताना स्वतःसाठी मागून घ्यायला दोष मानलेल्या चांगल्याचुंगल्या पदार्थांच्या यादीतही मध आहे. म्हणजे पदार्थ तोच, घेणारा तोच. त्याला रोग असला तर ग्राह्य, नसला तर दोष. मनुस्मृती ब्रह्मचाऱ्याला मध आणि मांस एकाच दमात वर्ज्य करते, तर आयुर्वेद मधाला औषधांत मानाची जागा देतो. कुराणातल्या ‘नहल’ म्हणजे मधमाशीच्या सूऱ्यातही मधाची थोरवी सांगितली आहे ती लोकांना त्यात आरोग्य आहे म्हणून. या सगळ्यांतून एक गोष्ट निघते आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. औषध म्हणून मिळालेली सूट ही अटीची सूट आहे. तो पदार्थ खरोखर औषध असला तरच ती लागू होते. ज्याने रोग बरा होत नाही, वेदना कमी होत नाही, ते औषधाच्या नावाने घेतले तर तो भोगच झाला, आणि वर ‘औषध’ म्हटल्याने खोटेपणाही झाला. म्हणून मध दातांवर गुणकारी आहे की नाही, हा केवळ दंतवैद्याचा प्रश्न राहत नाही. पुरावा तपासणे हे इथे धर्माचरणाचाच भाग होते. श्रद्धेने घेतले म्हणून निष्फळ औषधाला सूट मिळत नाही.

मग पुरावा पाहू. एका जागी तो भक्कम आहे, आणि ती जागा महाराष्ट्राच्या फार जवळची आहे. तंबाखू आणि सुपारी चघळणाऱ्या आपल्या समाजात तोंडाचा कर्करोग घरोघरी माहीत आहे. डोके आणि मानेच्या कर्करोगावर किरणोपचार चालू असताना तोंडाच्या आतली त्वचा सोलवटते, व्रण होतात, घोटभर पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी येते. काहींना त्यापायी उपचार मध्येच थांबवावे लागतात. २००३ साली मलेशियातील डॉक्टरांनी अशा ४० रुग्णांवर एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्या रुग्णांना किरणोपचाराच्या आधी, लगेच नंतर आणि काही तासांनी मध तोंडात घोळवून हळूहळू गिळायला दिला. त्यांच्यात तीव्र व्रणांचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच कमी राहिले. नंतर अनेक देशांत असे प्रयोग झाले. सगळ्यांचे निष्कर्ष सारखे नाहीत, तरी २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी या रुग्णांत व्रण टाळण्यासाठी मध सुचवला आहे. हे का घडत असावे, याचाही काही अंदाज बांधता येतो. मधात पाणी वीस टक्क्यांहून कमी असते, त्यामुळे त्यात जंतूंना वाढणे कठीण जाते. माशी मधात मिसळते त्या ग्लुकोज ऑक्सिडेज या विकरामुळे मध पातळ झाला की त्यातून थोडे थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. शिवाय दाट मधाचा थर उघड्या व्रणावर झाकण धरतो. इथे रोग खरा आहे, वेदना भयंकर आहे, गुणाला आधार आहे आणि मात्रा चमच्या-दोन चमच्यांची आहे. बुद्धांनी दिलेली सूट ज्यासाठी होती, ती हीच अवस्था. अशा रुग्णाला मध देताना माझ्या मनात कसलाही किंतु येत नाही.

निरोगी माणसाच्या रोजच्या दातांकडे वळले की मात्र चित्र पालटते. मधाचा साधारण ऐंशी टक्के भाग साखर आहे आणि त्याची आम्लता सामू ३.२ ते ४.५ च्या आसपास. तोंडातला सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कवचातले क्षार विरघळू लागतात. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत मध कीड लावणाऱ्या जंतूंना मारतो हे खरे आहे, पण तोंडात लाळेने तो पातळ होतो आणि राहिलेली साखर त्याच जंतूंचे खाद्य बनते. कर्करोगाच्या रुग्णाला मध देतानाही दातांच्या किडीकडे लक्ष ठेवावे लागते ते यामुळेच. रात्री दातांना मध लावून झोपणे हा तर सरळ अपाय आहे. त्यात बाजारातल्या मधाची गोष्ट वेगळीच. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंटने डिसेंबर २०२० मध्ये उघड केले की, देशातल्या कितीतरी नावाजलेल्या मधांत साखरेचा पाक मिसळलेला होता. औषध म्हणून पाक हिरड्यांना चोळणारा माणूस कुणाचे भले करतो? आणि एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत हवी. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध कधीही देऊ नये, दात येताना हिरड्यांना चोळायलाही नाही, कारण मधात असू शकणाऱ्या बोटुलिनम जंतूच्या बीजांनी बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. जातकर्मात नवजात बाळाच्या जिभेला मध आणि तूप लावायची रीत जुनी आहे. ती घालणाऱ्यांना हा धोका माहीत नव्हता. आपल्याला तो माहीत झाला आहे, आणि ज्ञान झाल्यावर रीत बदलणे हा परंपरेचा अपमान होत नाही.

प्रोपोलिसची बाजू मधापेक्षा अवघड आहे. झाडांच्या कळ्यांवरचा आणि सालींवरचा चीक गोळा करून, त्यात मेण कालवून माश्या हा डिंक करतात. साधारण निम्मा राळेचा, तीस टक्के मेण, बाकी सुगंधी तेले आणि पराग. प्रोपोलिसच्या गुळणीने दातांवरचा थर काहीसा कमी होतो, तोंड आलेले लवकर बरे होते, असे लहान लहान प्रयोग सांगतात. पण युरोपातला प्रोपोलिस पॉपलर झाडांचा, ब्राझीलचा हिरवा प्रोपोलिस वेगळ्याच झुडपाचा. नाव एक असले तरी आतला माल प्रदेशाप्रमाणे बदलतो, त्यामुळे एका प्रयोगाचे श्रेय दुसऱ्या बाटलीला देता येत नाही. काहींना त्याची ॲलर्जीही होते. याहून मला अडते ते दुसऱ्या ठिकाणी. प्रोपोलिस हे माश्यांचे स्वतःचे औषध आहे. पोळ्याच्या फटी त्या त्याने बुजवतात, आत मेलेला उंदीर बाहेर नेता आला नाही तर त्याच्यावर त्याचाच लेप देऊन कुजणे रोखतात. पेटीला आतून राळेचा लेप असला तर माश्यांच्या शरीराला जंतूंशी झुंजायचे कष्ट कमी पडतात, असे मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांना आढळले. मधाचा साठा फुलोऱ्यात गरजेहून जास्त होऊ शकतो आणि जाणता मधपाळ तेवढाच काढतो. प्रोपोलिसबद्दल असे सहज म्हणता येत नाही. दुसऱ्याच्या घरातले औषध आपल्या घरच्या आरोग्यासाठी उचलून आणायचे, तर आपली निकड त्याच्या निकडीहून मोठी असली पाहिजे. निरोगी दात घासायच्या पेस्टला ती निकड नाही. आपली सह्याद्रीतली सातेरी माशी तर सहसा प्रोपोलिस गोळाच करत नाही. तो मेलिफेरा माशी आणि डंख नसलेल्या पोयाच्या माशीकडून मिळतो.

वेदनेचा प्रश्न याहून तातडीचा वाटतो, कारण दाढेची कळ माणसाला विचार करू देत नाही. पण दाढ का ठणकते? कीड कवच भेदून आतल्या मगजापर्यंत पोचते, तिथे सूज येते, आणि कठीण भिंतींत कोंडलेल्या त्या सुजेला पसरायला जागा मिळत नाही. वरून लावलेला मध किंवा प्रोपोलिसचा थेंब त्या जागी पोचत नाही. फार तर हिरडीची आग काही वेळ शमेल आणि तेवढ्या समाधानावर माणूस दवाखाना चार आठवडे लांबवील. तेवढ्यात पू मुळापर्यंत जाईल. तात्पुरत्या आरामाला लवंगेचे तेल आहे, त्यातले युजेनॉल दंतवैद्यही वापरत आले आहेत, आणि त्यासाठी कुठलेही पोळे उघडावे लागत नाही. वनस्पतीतून तेच काम होत असेल तर माशीकडे जायचे कारण उरत नाही. विषाचा उपचार तर याच्या पलीकडचा. ऑस्ट्रियातले डॉक्टर फिलिप टेर्च यांनी १८८८ मध्ये संधिवातावर मधमाशीच्या डंखाचे अनुभव प्रसिद्ध केले, तेव्हापासून हा उपचार जगभर चालत आला. विषातल्या मेलिटिनसारख्या घटकांवर आजही अभ्यास चालू आहे, आणि ते योग्यच आहे. पण जिवंत माशी चिमट्यात धरून माणसाच्या त्वचेवर टेकवली की डंखाचे काटे त्वचेत अडकतात, आतड्यासकट डंख तुटतो आणि माशी मरते. म्हणजे प्रत्येक मात्रेला एक जीव. घेणाऱ्यालाही ते निर्धोक नाही. स्पेनमध्ये दोन वर्षे असा उपचार घेत असलेल्या एका स्त्रीला तीव्र ॲलर्जी होऊन तिचा मृत्यू झाला, त्याचा अहवाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्याचा गुण पक्का नाही, ज्यात दोन्हीकडे जीव जाऊ शकतो, त्याला औषधाची सूट कोणत्याच परंपरेच्या आधारे देता येणार नाही.

आता सर्वांत गंभीर आक्षेप घ्यायला हवा, आणि तो जैन आचार्यांचा आहे. मद्य, मांस आणि मध यांचा त्याग हा श्रावकाच्या मूलगुणांतच येतो. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात औषधासाठी घेतलेला मधही अधोगतीला नेतो असे बजावले आहे. अमृतचंद्रांनी त्याहून पुढे जाऊन म्हटले की, पोळ्यातून आपोआप गळलेल्या मधातही त्याच्या आश्रयाला असलेल्या जीवांची हिंसा आहे. कोल्हापूर-सांगलीच्या जैन घरांतून आजही मध येत नाही तो या शिकवणीमुळे. यावर कुणी म्हणेल, त्या काळी मोहोळ धुराने, आगीने उठवत आणि अंड्यांसकट पिळून काढत. लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ मध्ये हलत्या चौकटींच्या पेटीची युक्ती शोधली आणि पुढे मध काढायचे यंत्र आले, तेव्हा आता हिंसा राहिली नाही. हे उत्तर अर्धेच आहे. अमृतचंद्रांच्या आक्षेपाला ते लागूच पडत नाही. शिवाय पेटीतल्या मधातही राणीचे पंख कातरणे, काढताना चिरडणाऱ्या माश्या, मधाऐवजी साखरपाण्यावर काढलेले दिवस हे आहेच. म्हणून आधुनिक पेटी दाखवून जैन आचार्यांचे तोंड बंद करता येईल असे मला वाटत नाही. माझे त्यांच्याशी मतभेद आहेत ते दुसऱ्या मुद्द्यावर. किरणोपचाराने तोंड सोलवटलेल्या माणसाची यातना हीही हिंसाच आहे, आणि ती कमी करणारे साधन हाताशी असताना नाकारणे मला करुणेविरुद्ध वाटते. पण त्याच रुग्णाने स्वतःच्या व्रताखातर मध नाकारला, तर डॉक्टरांनी त्याला हिणवू नये. इतर गुळण्या आहेत, त्या द्याव्यात. आणि निरोगी माणसाच्या टूथपेस्टच्या बाबतीत तर मी निःसंकोचपणे जैन आचार्यांच्या बाजूला उभा आहे.

दुसरा आक्षेप उलट टोकाचा. एवढ्याशा कीटकाला कसली वेदना, त्याच्यासाठी माणसाच्या सोयीला अटी कशाला? हे बोलणे आता पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. २०२२ मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी दाखवले की मधमाशीचे नातलग असलेले भुंगे जास्त गोड खाद्य मिळणार असेल तरच त्रासदायक उष्णता सोसतात. म्हणजे त्रास आणि लाभ यांचा ते हिशेब घालतात. त्याच वर्षी याच भुंग्यांनी काहीही बक्षीस नसताना लाकडी चेंडू पुन्हा पुन्हा लोटल्याचे दिसले. माशीला आपल्यासारखी वेदना होते हे यातून सिद्ध होत नाही, पण काहीच होत नाही असे गृहीत धरून चालायचा हक्क जातो. वेदना कमी करण्यासाठीच आपण माशीकडे जात असू, तर वेदनेच्या शक्यतेकडे पाठ फिरवून जाणे विसंगत आहे. कुणी असेही विचारील की, दंतवैद्यकात गाईगुरांच्या शरीरातून काढलेली द्रव्ये वापरली जातात, औषधे प्राण्यांवर तपासली जातात, मग एकट्या मधावर एवढी चर्चा का? त्यांनाही हीच कसोटी लावली पाहिजे, आणि तिथेही निकड व गुण सिद्ध व्हायला हवेत, हे त्याचे उत्तर आहे. एका जागी अन्याय चालतो म्हणून दुसऱ्या जागी तो न्याय ठरत नाही.

मधपाळांच्या बाजूने निघणारा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर २०२२ मध्ये देशातले पहिले ‘मधाचे गाव’ झाले. तिथल्या घरांच्या चुली मधावर पेटतात, आणि ज्याची रोजी माशीवर अवलंबून आहे तोच जंगलातली फुलझाडे राखतो. मेळघाटसारख्या भागात आग्या मोहोळ न जाळता, पिलांचा भाग तसाच ठेवून वरच्या टोकाचा मधाचा भाग तेवढा कापून घ्यायची रीत आदिवासी मधसंकलकांना शिकवली गेली. पोळे टिकते आणि माश्या पुन्हा मध भरतात. मध घेणेच बंद केले तर हे सारे मोडेल का? मला तसे वाटत नाही, कारण माशीचे खरे देणे परागीभवन आहे आणि शेतकऱ्याने त्यासाठी मधपाळाला मोबदला देणे हा अधिक न्याय्य व्यवहार होईल. पण मध घ्यायचा असेल तर तो याच हातांकडून घ्यावा. एक कामकरी माशी फुलोऱ्याच्या दिवसांत पाच-सहा आठवडे जगते आणि तेवढ्यात छोट्या चमच्याचा जेमतेम बारावा भाग मध तयार करते. एका चमच्यामागे डझनभर आयुष्ये आहेत हे ज्याला माहीत आहे, तो तो चमचा कशासाठी उचलतो याचा विचार करील.

म्हणून दंतवैद्यांना माझी विनंती आहे की किरणोपचाराच्या रुग्णांना मधाबद्दल मोकळेपणाने सांगा, त्यांच्या दातांच्या किडीवर लक्ष ठेवा, आणि रुग्णाच्या व्रताचा मान राखा. टूथपेस्ट बनवणाऱ्यांनी ‘नैसर्गिक’ शब्दाआड लपू नये. त्यातला मध किंवा प्रोपोलिस कुठल्या माशीचा, कसा काढलेला, आणि त्याने नेमका कोणता गुण आल्याचे सिद्ध झाले आहे, हे वेष्टनावर लिहावे. ते लिहिता येत नसेल तर तो घटक त्यात घालू नये. आणि वाचकहो, दाढ ठणकत असेल तर मधाची बाटली शोधण्यात रात्र घालवू नका. लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवा आणि सकाळी दवाखान्यात जा.